क्रँकचं सील पुन्हा गळतंय? नवं सील टाकण्याआधी ब्रीदर तपासा

रात्री शेडमध्ये लावलेल्या ट्रॅक्टरच्या बेल हाउसिंगखाली, म्हणजे इंजिनामागच्या क्लचच्या घराखाली, सकाळी ऑइलचा थेंब लोंबत असतो. पुढच्या पुलीमागून उडालेलं ऑइल रेडिएटरच्या जाळीवर बसतं आणि त्यावर धुळीचा थर चढतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलून महिना होत नाही तोवर त्याच्या कडा पुन्हा ओल्या. चालू इंजिनात डिपस्टिक आपोआप बोटभर वर आलेली दिसते. ऑइल भरायचं टोपण सैल केलं की फस्स करून वारा बाहेर येतो. काही वेळा भरलेली ट्रॉली चढाला लागली की क्लच घसरतो, कारण मागच्या सीलचं ऑइल प्लेटपर्यंत पोचलेलं असतं.

यातलं एखादंच लक्षण असेल तर एखादं सील किंवा पॅकिंग खरंच संपलेलं असू शकतं. पण दोन-तीन ठिकाणांहून एकदम गळायला लागलं, किंवा गेल्या हंगामात बदललेलं सील या हंगामात पुन्हा गळतंय, तर सीलला दोष देऊ नका. इंजिनाच्या पोटातला वारा बाहेर पडायची वाट शोधतोय, आणि सील ही त्यातली सगळ्यात कच्ची वाट.

मी कराड-इस्लामपूर पट्ट्यात ट्रॅक्टर आणि डिझेल पिकअपची कामं करतो. ऊसवाहतुकीच्या हंगामात ही एकच तक्रार इतक्या वेळा येते की आता गाडी आत आली की पाना हातात घेण्याआधी मी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वारा बाहेर सोडणारा पाईप शोधतो. खालचा क्रम मी रोज वापरतो तोच आहे. आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, आणि इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी.

वारा येतो कुठून, हे आधी समजून घ्या

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा अंश पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोच. त्यात धूर असतो, न जळलेलं डिझेल असतं, पाण्याची वाफ असते, आणि खाली उडणाऱ्या ऑइलचं धुकंही त्यात मिसळतं. हा सगळा वायू बाहेर सोडायला टॅपेट कव्हरवर किंवा ब्लॉकच्या कडेला ब्रीदर असतो. जुन्या ट्रॅक्टरांमध्ये त्याचा पाईप सरळ खाली, उघड्यावर सोडलेला असतो. ब्रीदर मोकळा असेल तर आतला दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच राहतो.

क्रँकचं सील दाब अडवायला बनवलेलंच नसतं. रबराची एक पातळ ओठासारखी कड, तिला शाफ्टवर हलकं दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. उडणारं ऑइल आत ठेवणं हे त्याचं काम. आतून दाब आला की ही कड शाफ्टवर जास्त घासते, तापते, कडक होते आणि शाफ्टवर खाच पाडते. पुढच्या वेळी नवं सील त्याच खाचेवर बसतं. मग मालक म्हणतो, "सीलचा माल डुप्लिकेट निघाला." डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण दरवेळी तोच कसा निघेल?

वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर माझ्याकडे आला तेव्हा एकाच वर्षात तीन वेळा मागचं सील बदलून झालं होतं. प्रत्येक वेळी ट्रॅक्टर मधून फोडलेला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केलेले. मजुरी, चार दिवस खोळंबा, ऊस शेतात वाळत. मी ब्रीदरचा पाईप काढून तोंडानं फुंकून बघितला, फुंकर पलीकडे गेली नाही. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, वाळून विटेसारखं झालेलं. तारेनं पोखरून काढलं, पाईप डिझेलनं धुतला आणि सील तेच ठेवून ट्रॅक्टर दिला. बेल हाउसिंगखालचा थेंब आठवड्याभरात थांबला. त्या सीलची कड अजून शाबूत होती म्हणून हे जमलं. अजून एक हंगाम तसाच गेला असता तर जमलं नसतं.

पहिली तपासणी: ऑइल किती आहे आणि कसं आहे

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघा. उतारावर बघितलेलं माप खोटं असतं. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँक त्यात बुडून फेस करतो, फेस ब्रीदरच्या जाळीत जातो आणि जाळी तुंबते. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून लिटरभर वर टाकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचजण महिन्याभरात सील गळतंय म्हणून येतात.

न भरता ऑइल वाढलंय? मग वास घ्या. डिझेलचा वास आला आणि बोटांना ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर फीड पंपाचा पडदा फाटलाय किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल आत उतरतंय. अशी गाडी चालू करू नका. पातळ ऑइलनं बेअरिंगं जातात, आणि त्याहून मोठा धोका पुढे सांगितलाय.

टोपणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट-पांढरा साका दिसला तर लगेच हेड गॅस्केट गेली असं धरू नका. थंडीत रोज पाच-दहा मिनिटंच चालणाऱ्या इंजिनात वाफ थंड होऊन ऑइलात मिसळते आणि असा साका धरतो. इंजिन पुरेसं तापेल असं तासभर कामाला लावा, मग पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र पाणी आत जातंय. तिथं थांबा आणि फिटर बोलवा.

दुसरी तपासणी: गळतं नेमकं कुठून

ऑइल वरून खाली ओघळतं आणि फॅनच्या वाऱ्यानं मागे जातं. त्यामुळे बेल हाउसिंगखाली दिसणारा थेंब टॅपेट कव्हरचाही असू शकतो. मागचं सील म्हणून ट्रॅक्टर फोडला आणि आत सील कोरडं निघालं, असं मी दोनदा पाहिलंय. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं पुसून घ्या, वारा मारून कोरडं करा. संशय असलेल्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी अर्धा तास चालवून आणा. पावडरीत ओला माग दिसतो. सगळ्यात वरची ओली जागा, तीच गळतीची जागा.

बेल हाउसिंगमधून येणारं ऑइल गिअरबॉक्सचंही असू शकतं. इंजिनाचं वापरलेलं डिझेल ऑइल काळंकुट्ट असतं. गिअरबॉक्सचं त्यामानानं फिकट असतं, आणि गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. पांढऱ्या कागदावर थेंब घेतला की फरक कळतो.

तिसरी तपासणी: ब्रीदरचा पाईप आणि जाळी

निम्म्याहून अधिक गाड्या याच पायरीवर दुरुस्त होतात, म्हणून इथं घाई करू नका.

पाईप पूर्ण काढा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा. वाकणात काय साचलंय ते वरून दिसत नाही, म्हणून तार घालून बघा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये कुंभारमाशीची माती मिळते. भाताच्या चिखलणीला जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पाईपचं खालचं तोंड चिखलानं बुजलेलं असतं. जुन्या गाडीत ऑइल आणि धूळ मिळून डांबरासारखा थर जमतो.

रबरी पाईप असेल तर दोन बोटांनी दाबून बघा. मूळ पाईप फाटला म्हणून पाण्याचा साधा होस लावलेला असतो. तो ऑइलनं फुगतो, उष्णतेनं मऊ होतो आणि वाकणात चपटा होऊन बसतो. बाहेरून धड दिसतो, आतून बंद. ऑइलला टिकणारा नायट्राइल रबराचाच पाईप घ्या.

ब्रीदरमधून ऑइलचे थेंब पडतात म्हणून पाईपच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबणं, किंवा प्लास्टिकची बाटली लावून तोंड टेपनं गच्च बंद करणं, हे कळकळीनं सांगतो, करू नका. थेंब थांबतात खरे, पण तो वारा आता सीलकडे वळलेला असतो. बाटली लावायचीच असेल तर तिच्या वरच्या भागाला बोटाएवढी दोन भोकं ठेवा.

पाईप मोकळा निघाला तर जाळी बघा. बऱ्याच इंजिनांत टॅपेट कव्हरच्या आत किंवा ब्रीदरच्या डब्यात तारेचा चुरा भरलेला असतो. ऑइलचं धुकं त्यावर अडतं, थेंब होऊन परत खाली पडतं. ती जाळी डिझेलमध्ये तासभर भिजवा, झटका, वारा मारा आणि पूर्ण वाळू द्या. ओली बसवली तर ते डिझेल ऑइलात उतरतं. जाळी नको म्हणून काढून टाकू नका, तिच्याशिवाय ब्रीदर सरळ ऑइलच बाहेर फेकायला लागतो.

विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या, एका सिलेंडरच्या जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं पिस्टन खाली आला की चेंबरमधली, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोटातली, हवा दाबली जाते. म्हणून ब्रीदरमध्ये पातळ पत्र्याची झडप असते, वारा बाहेर सोडणारी पण आत न घेणारी. तिच्यामुळे चेंबरमध्ये उलट थोडी ओढ राहते आणि बेअरिंगच्या कडेनं ऑइल बाहेर येत नाही. ही पत्री वाकली किंवा काजळीनं चिकटली की दोन्ही बाजूंनी ऑइल गळायला लागतं. पत्री साफ करून सपाट करणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

पेट्रोल गाडी असेल तर

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्याच्या त्रासामुळे हा वायू रस्त्यावर सोडणं बंद करून तो परत इंजिनातच जाळायची पद्धत आली. आज पेट्रोल गाड्यांना हा वायू परत इंजिनात सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो तो त्यासाठी. इंजिन बंद असताना तो काढून कानाशी हलवा. साध्या प्रकारचा व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन खडखड वाजायला हवी. नाही वाजली तर चिकटलाय. तो महाग नसतो, साफ करत बसण्यापेक्षा नवाच टाका. बंद स्थितीत अडकला तर दाब वाढून सीलं गळतात. उघडा अडकला तर आयडलिंग बिघडतं आणि इंजिन ऑइल पितं. नव्या गाड्यांत हाच व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्ये पडद्याच्या रूपात असतो. तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि चालू इंजिनावर ऑइलचं टोपण ओढून धरल्यासारखं घट्ट लागतं.

चौथी तपासणी: गवंड्याच्या नळीनं दाब मोजा

गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात ती पारदर्शक नळी दीड-दोन मीटर घ्या. ती इंग्रजी यू आकारात लाकडी फळीवर बांधा आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. फळी इंजिनापेक्षा खाली असू द्या, म्हणजे पाणी आत ओढलं जाणार नाही. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी ऑइलच्या पातळीखाली जाते, तिथं माप चुकतं. अशा वेळी ऑइलच्या जुन्या टोपणाला भोक पाडून तिथून नळी घ्या. पट्टे, फॅन आणि सायलेन्सरपासून नळी लांब ठेवा.

इंजिन तापल्यावर आधी आयडलिंगला, मग हळूहळू रेस वाढवून दोन बाजूंच्या पाण्यातला फरक बघा. १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण ०.०१ बार दाब. ऐकायला किरकोळ वाटतो, पण हंगामभर दिवसाला दहा-दहा तास तो सीलच्या कडेवर असतो. तुमच्या इंजिनाची मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असेल तर तीच धरा. पेट्रोल गाडीत आयडलिंगला पाणी थोडं इंजिनाच्या बाजूला ओढलं जातं, ते ठीक. बाहेर ढकललं गेलं तर दोष आहे.

माझ्या लेखी या नळीचा खरा उपयोग तुलनेचा. ब्रीदरचा पाईप लावून एकदा मोजायचं, काढून एकदा मोजायचं. पाईप काढल्यावर दाब उतरला तर अडथळा पाईपमध्ये. काढूनही तेवढाच राहिला तर एक तर जाळी तुंबलीय, नाही तर मुळात वारा जास्त येतोय. जाळी साफ करूनही माप हलत नसेल तरच पुढच्या पायरीवर या.

पाचवी तपासणी: वारा जास्त का येतोय

इथं बहुतेकजण एकच वाक्य बोलतात: "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, हाफ इंजिन करावं लागेल," म्हणजे रिंगांतून वारा खाली येतोय, इंजिन उघडून त्या बदलाव्या लागतील. थांबा. रिंगांशिवाय आणखी दोन-तीन वाटांनी चेंबरमध्ये वारा येतो, आणि त्या बघायला इंजिन उघडावं लागत नाही.

डिझेल पिकअप आणि जीपमध्ये ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या मागेच. तो ब्रेकचा पाय हलका करणाऱ्या बूस्टरमधली हवा ओढतो आणि ऑइलबरोबर चेंबरमध्ये सोडतो. बूस्टरचा पडदा किंवा नळी फाटली असेल तर तो सतत बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या पोटात भरत राहतो. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण लावलेली. अशा स्थितीत पंपाची व्हॅक्यूम नळी चिमट्यानं बंद करा आणि ब्रीदर बघा. वाऱ्याचा मारा कमी झाला तर दोष ब्रेकच्या लाइनमध्ये आहे. चिमटा काढल्याशिवाय गाडी हलवू नका, ब्रेक दगडासारखा कडक होतो. दुरुस्तीही लांबणीवर टाकू नका, हा ब्रेकचा प्रश्न आहे.

टर्बो असेल तर त्याच्या झिजलेल्या बाजूनंही हवा ऑइलच्या परतीच्या पाईपातून खाली येते. याची उलटी बाजू जास्त वेळा दिसते. ब्रीदर तुंबल्यामुळे टर्बोचं ऑइल परत उतरत नाही, टर्बोतूनच गळतं, निळा धूर येतो, आणि मालक नवा टर्बो विकत घेतो. टर्बोवर पैसे घालण्याआधी तिसरी तपासणी पुन्हा करा.

एवढं सगळं ठीक असूनही ब्रीदरमधून ठोक्याठोक्यानं धूर येतोय, ऑइल कमी होतंय, सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होतेय, तर रिंगा किंवा लायनर गेलेत. कॉम्प्रेशन मोजून कुठला सिलेंडर कमी आहे ते बघता येतं, पण डिझेलला डिझेलचाच गेज लागतो. हे काम फिटरवर सोडा. तो इंजिन उघडत असताना एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा पाईप मात्र स्वतः तपासा. क्लिप सैल असेल किंवा ऑइल-बाथमध्ये, म्हणजे एअर क्लीनरच्या ऑइलच्या वाटीत, चिखल झाला असेल तर धूळ सरळ आत जाते, आणि नव्या रिंगाही त्याच वाटेनं जातील. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत तासन्‌तास इंजिन नुसतं चालू ठेवल्यानंही रिंगांत काजळी धरते. रांग हलत नसेल तर बंद करा.

सील बदलायचंच असेल तर

पुढचं सील पुली काढून घरी बदलता येतं. शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सील दीड-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, किंवा शाफ्टवर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवा. पॉलिश पेपर मारायचा तर शाफ्टभोवती गोल मारा. लांबीत किंवा तिरका ओढला तर पडलेल्या रेघा स्क्रूसारखं ऑइल बाहेर ओढतात. साध्या रबरी सीलच्या कडेला ऑइल लावून बसवा. टेफ्लॉनच्या कडेचं सील बहुतेक वेळा कोरडंच बसवायचं असतं, त्याच्या पाकिटावरची सूचना वाचा. हातोडीनं एका बाजूनं ठोकू नका, सीलच्या मापाच्या पाईपच्या तुकड्यानं सारखं दाबत न्या.

त्याआधी इंजिन बंद ठेवून एकाला क्लच दाबायला सांगा आणि पुलीकडे बघा. पुली पुढे सरकलेली डोळ्यांना स्पष्ट दिसली तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणारा थ्रस्ट वॉशर झिजलाय. हलणाऱ्या क्रँकवर कुठलंच सील टिकत नाही.

इथं हात थांबवा

मागचं सील म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडणं. खाली धड आधार नसताना हे करताना माणसं चिरडू शकतात, म्हणून ते वर्कशॉपमध्येच करा. क्लचवर ऑइल आलं असेल तर भरलेली ट्रॉली ओढू नका, रिकामा ट्रॅक्टर हळू घेऊन या. १ जानेवारी २०२३ नंतरचे ५० अश्वशक्तीवरचे ट्रॅक्टर आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्या यांत ब्रीदरचा मार्ग सेन्सरशी आणि टर्बोशी जोडलेला असू शकतो. तिथं पाईप स्वतः बदलू नका, बायपास तर मुळीच नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्या डिझेल इंजिनाचा ब्रीदर एअर क्लीनरच्या पाईपला जोडलेला आहे, त्यात ऑइल वाढलं किंवा त्यात डिझेल मिसळलं, तर इंजिन ब्रीदरमधून तेच ओढून जाळू लागतं. मग चावी बंद करून किंवा स्टॉप ओढूनही ते थांबत नाही, रेस आपोआप चढत जाते. अशा वेळी जवळ उभ्या असलेल्यांना लांब करा. हवा आत घ्यायचं तोंड समोर आणि सुरक्षित अंतरावरून हाताशी येत असेल तरच त्यावर जाड फळी दाबा, हात किंवा कापड कधीच नाही. जमत नसेल तर सरळ लांब पळा. इंजिन गेलं तरी चालेल.

फिटरकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: ऑइल किती तासांत किती कमी झालं, पाईप लावून आणि काढून पाण्याचा फरक किती आला, पावडरीत सगळ्यात वर ओलं कुठं दिसलं, आणि याआधीचं सील किती तास टिकलं. एवढं हातात असलं की तो आधी सीलकडे जाणार नाही.